कुरुंद्याच्या म्हशींची साक्ष

वसमतच्या कोर्टात अमृतराव खिल्लारे वकिलांना सगळे ‘खांबवाले वकील’ म्हणत, कारण कुणाच्या शेतात रोवलेला विजेचा खांब नाहीतर ओढ्याचं नासलेलं पाणी, याखेरीज तिसरा खटला ते घेतच नसत. इतर वकिलांना हे वेड वाटे. अमृतरावांना इतर वकीलच वेडे वाटत.

१९७४ च्या उन्हाळ्यात कुरुंद्याच्या ओढ्यात घाण सोडणाऱ्या एका तेलगिरणीला त्यांनी कोर्टात खेचलं. न्यायाधीश स्वतः पाहणीला येणार म्हटल्यावर गिरणीवाल्यांनी दोन दिवस घाण थांबवली, विहिरीचं पाणी सोडलं आणि ओढा असा नितळ केला की तळातले गोटे मोजावेत.

“साहेब, कुठं आहे घाण?” गिरणीच्या वकिलानं छाती फुगवून विचारलं.

अमृतरावांचं डोकं तापलं होतं, पण त्यांनी फक्त काठावर म्हशी घेऊन उभ्या असलेल्या गावातल्या जनकाबाईला हाक मारली, “मावशी, म्हशी सोडा.”

भर दुपारच्या तहानलेल्या चार म्हशी पाण्याकडे धावल्या, काठाच्या चिखलात मुरलेला वास हुंगला आणि फुरफुरत माघारी फिरल्या.

“म्हशीला शपथ देता येत नाही!” गिरणीचा वकील ओरडला.

“तिला गरजच न्हाई,” अमृतराव म्हणाले.

न्यायाधीशांनी हसू दाबत टिपण लिहिलं. निकाल गावाच्या बाजूनं लागला.

पुढं सरकारनं अमृतरावांना पाणी तपासणाऱ्या समितीवर नेमलं. नियमाप्रमाणे तपासणीआधी गिरणीला नोटीस जाई. त्याच टपालानं जनकाबाईलाही एक कार्ड जाई: “मावशी, मंगळवारी येऊन राहिलो. म्हशींना घरी पाणी पाजू नका.”