मोकळी जागा

"तिथं तर काहीच नाही. मोकळी जागा आहे." साहेबानं नकाशावर पेन टेकवलं. मग माझ्या आईकडं बघून म्हणाला, "पुरावा आहे का काही? की मेलेल्यांना उकरून दाखवणार?"

खोलीत हशा झाला. पुढच्या खुर्च्यांवर बंगल्यांचे प्लॉट पाडणारे बसले होते, ते तर पोट धरून हसले. आई दाराशी जमिनीवर बसलेली. तिला वाटलं आपलंच काय तरी चुकलं, म्हणून तीपण कसंनुसं हसली. तिचं ते हसणं मला आजून खातंय.

कर्जतला विकास आराखड्याची सुनावणी होती. कुठली जमीन घरांना, कुठली शेतीला, ते नकाशात ठरणार. कुणाची हरकत आसंल तर या, म्हणून बोलावलं होतं. गेलो आमी मायलेकी. कडाव गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. वाडीमागच्या माळावर आमी आमची माणसं पुरतो. नकाशात तो माळ पिवळा रंगवलेला. पिवळा म्हंजे बंगले.

आमच्या वाडीत पुरल्यावर डोक्याशी एक दगड ठेवतात. वरीस झालं की घरची बाई तो काढून नदीत सोडते. नायतर माणूस आडकून राहतं, त्याला जाता येत नाय. माझा धाकटा भाऊ तापानं गेला, त्याचा दगड आईनंच काढला. किती रडली! मग तिथं काटाकुटा पडू दिला नाय, गुरं चरू दिली नाय. आमी एवढं जपलं, म्हणूनच यांना ती जागा मोकळी दिसली.

हे साहेबाला सांगाया लागले, तर त्यानं मधीच एक कागद पुढं सरकवला.

"हे बघ, हरकत मागं घेतली म्हणून सही कर. स्मशानाला दुसरीकडं जागा बघू," तो म्हणाला.

साहेब सांगतो म्हंजे बरोबरच आसंल, असं म्हणत आमी आजवर सह्या केल्या. माझा हातपण पुढं गेला. तेवढ्यात आई दिसली. आजून तशीच हसत होती.

"नाय करणार," मी म्हणाले. "हरकत आमची हाय. लिवून घ्या."

"चल, बाजूला हो. पुढचे कोण?"

येताना टेंपोत बसलो. माळ दिसला तशी आई म्हणाली, "मी मेले का माजा दगड काढू नको गं."

"आये, आडकून राहशील ना!"

"राहीन. कुणीतरी पायजे तिथं."

लय रडले मी त्या दिवशी.

आता साहेब जागेच्या पाहणीला येणार म्हणतात. येऊ दे. वाडीतली दर बाई आपापल्या माणसाच्या डोक्याशी दगड घेऊन उभी राहणार हाय. कोण कुठं निजलंय ते आमाला पाठ हाय. भावाचा दगड मी ठेवणार. आईनं रडत रडत ज्याला मोकळं केलं, त्याला मी परत आडकवणार. त्याची माफी मागंन. पण तो दगड आता काढणार नाय.