मोठ्याने घेतलेलं माप

मास्तर जातीचे संशयी. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याच्या अंगावरच्या कपड्याची शिवण बघायचे, म्हणजे मधल्या काळात हा दुसऱ्या टेलरकडे जाऊन आला का ते कळायचं. कात्री रोज नव्या जागी लपवायचे आणि सकाळी अर्धा तास स्वतःच शोधत बसायचे. काम मात्र चोख. एकतीस वर्षांत शाळेचा एकही गणवेश परत आला नव्हता आणि हे ते कुणी न विचारता सांगत.

म्हणून सातवीतल्या त्या मुलीचा स्कर्ट पंधरवड्यात दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"बाकावर बसली की हूक तुटतो," मुलीची आई म्हणाली. "घट्ट होतो म्हणून डबासुद्धा खात नाही, तसाच परत आणते."

"ताई, माप मी स्वतः घेतलंय. दोन्ही वेळा सत्तावीस."

नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. पहिला संशय कापडावर. मास्तरांनी एक पट्टी कापून बादलीत भिजवली, वाळवली, मोजली. केसभरही आटली नव्हती. मग टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिली. तीही बरोबर निघाली. मग राहिली बायको. मास्तर माप घेऊन आकडा ओरडणार आणि मास्तरीणबाई वहीत लिहिणार, ही लग्नापासूनची पद्धत.

"तू सत्तावीसच ऐकलं होतंस ना?"

"तुम्ही आकडा सांगता तेव्हा समोरचा बेकरीवालासुद्धा ऐकतो," त्या म्हणाल्या.

उरली ती आई. तिला शिवणावळ न देता स्कर्ट हवा असणार, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं आणि शनिवारी मायलेकींना दुकानात बोलावलं. आज सोक्षमोक्षच लावायचा होता. दाराबाहेर मापासाठी आलेल्या पोरांची रांग होती. मास्तरांनी मुलीच्या कमरेला टेप लावली. आकडा पुन्हा सत्तावीसच.

"सत्तावीस," ते ओरडले आणि विजयाने आईकडे पाहू लागले.

मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, टेपकडे काय बघता? तिच्या तोंडाकडे बघा."

मुलीचे ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद, पोट पार पाठीला टेकलेलं. एकतीस वर्षांत मास्तरांनी हजारो पोरं मोजली असतील, पण माप घेताना कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं त्यांना आठवेना.

"श्वास सोड गं."

तिने मान हलवली. मग अगदी थोडी हवा खर्चून म्हणाली, "तुम्ही खरा आकडा ओरडाल."

"ओरडलो तर काय झालं?"

"पाचवीत असताना ओरडला होतात. म्हणालात, हिला पडद्याचं कापड लागणार. सगळी रांग हसली. शाळेत अजून मला पडदा म्हणतात."

आई पुढे आली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू पण हसली होतीस."

आई जागच्या जागी थांबली. मास्तर आपला तो विनोद आठवू लागले. कुणाचं बटण द्यायचं राहिलंय हेसुद्धा लक्षात ठेवणाऱ्या या माणसाला तो काही केल्या आठवेना. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, म्हणजे तिला आठवत होता. मास्तरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. जगावर संशय घेऊन झाला होता, फक्त स्वतःच्या तोंडावर घ्यायचा राहिला होता.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि कपाटातून पांढरी नाडी काढली. "हिच्यावर आकडे नाहीत. गाठ मारीन आणि गाठीबरहुकूम कापड कापीन. वहीत काही लिहायचं नाही."

मुलीने नाडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "मी गेल्यावर टेपला लावून बघाल."

मास्तरांना राग आला नाही. तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या हातावर ठेवली. "घरी घेऊन जा. स्कर्ट न्यायला येशील तेव्हा आण."

"आणि बाहेरची एवढी पोरं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"सगळ्यांची मापं नाडीवर. दार लावून, एकेकाची."

त्यांनी नाडी मुलीच्या कमरेभोवती धरली. तिने अजूनही श्वास रोखलेला होता. मास्तरांनी घाई केली नाही, ते नुसते थांबले. बाहेर पोरांनी दार वाजवलं तरी हलले नाहीत. अखेर तिच्या खांद्यातला ताठपणा गेला आणि नाडी त्यांच्या चिमटीतून सरकली. एक बोट, दोन बोटं, चांगली चार बोटं सरकून थांबली.

मास्तरांनी तिथे गाठ मारली. सवयीने तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटून घेतलं.