डाव्या हाताची हाक

आमच्या घराण्याचं नाव कापसाच्या गाठींवर छापून बोटीनं परदेशात जायचं. अशा घरातला थोरला नातू सिनेमे काढीन म्हणतो, याचा आजोबांना भारी वैताग. तरी कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला. चार दिवसांत खूळ उतरेल, अशी त्यांची अटकळ होती.

त्या कॅमेऱ्यानं मी पहिल्यांदा वडिलांना टिपलं. रिसोडच्या आमच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकातून ते बाहेर येतात, बैल जुंपलेल्या दमणीत चढतात, वळून हसतात आणि उजव्या हातानं 'चला' अशी खूण करतात. बस, एवढंच. फीत मुंबईहून धुऊन परत येईस्तोवर वडील तापानं गेले होते.

आईला त्यांना एकदा पाहायचं होतं. दुसरं काही ती मागत नव्हती. हंगाम संपलेला, रुईचं गोदाम रिकामं. भर दुपारी दारं लावून घेतली, मधोमध पांढरी चादर ताणली आणि जिनाच्या इंजिनावरून वीज घेऊन चित्र दाखवायचं यंत्र सुरू केलं. चादरीसमोर आजोबा बसले. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, म्हणून आई चादरीच्या मागं बसली. मागूनही चित्र स्वच्छ दिसतं, फक्त उजव्याचं डावं होतं. मला वाटलं, त्यानं काय बिघडतं?

वडील आले. झोतात कापसाचे तंतू तरंगत होते, त्यांच्यामागून ते चालत आले, हसले, हात हलवला. बाहेर इंजिनाची धडधड चालू होती.

त्या दिवसापासून आईनं अन्न टाकलं. दिवसभर दाराकडे बघत बसायची. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "डाव्या हातानं बोलावून राह्यले ते मले. गालावरचा तीळबी तिकडचा इकडं. मेल्या माणसाचं समदं उलटं असते, बापू. मले जा लागते."

मी तिला उजेड, कापड, भिंग, सगळं समजावलं. शिकलेला माणूस ना मी! मग स्वतः एकदा यंत्र लावून चादरीमागं जाऊन उभा राहिलो. वडील वळले, हसले, त्यांचा डावा हात हलला. फीत संपली तेव्हा मी चादरीच्या अगदी जवळ पोचलो होतो. केव्हा चालत गेलो, मला कळलंच नव्हतं. त्यानंतर आईला समजवायला गेलो नाही. मला तिची भीती वाटू लागली होती, तिच्याकरताही वाटत होती.

उपाय सोपा होता. फितीची बाजू पालटून चढवली की मागून पाहणाऱ्याला वडील सुलटे दिसणार. समोर ये म्हटलं तर आई ऐकेना, ती जागा मामंजींची म्हणे. आजोबांना मी यायला मनाई केली, कारण आता वडील उलटे त्यांना दिसणार होते. म्हातारा अडून बसला. समोरची जागा रिकामी ठेवून खेळ लावायचा नाही, तिथं कोण येऊन बसेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मला म्हणाले, "मले बोलावू दे डाव्या हातानं. मी बाप हाओ त्याचा. सूनबाईले तो सुलटा दिसला पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले ते डोक्यावर मोठं पागोटं घालून. परगावी जाताना तेवढं ते घालायचे.

वडील फाटकातून आले, दमणीत चढले, वळले. चादरीमागून आईचा आवाज आला, "हेच. हेच ते." आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळी रडली. समोर वडिलांचा डावा हात वर झाला होता. आजोबांनी आपला उजवा हात उचलला.

"थांब," ते हळूच म्हणाले, "येतो."

संध्याकाळी आई दोन घास जेवली. आजोबांचं ताट तसंच राहिलं, आणि पागोटंही त्यांनी उतरवलं नाही.