फौजीकाकांचा नापास सिनेमा

भर टॉकीजात पडद्याकडे बघून "नापास!" असं ओरडणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे गडब गावचे फौजीकाका. लष्करातून आल्यावर त्यांनी हायवेला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण त्यांचा खरा जीव रमायचा तो युद्धाच्या सिनेमांची सालटी काढण्यात.

पुढे त्यांच्याच लढाईवर सिनेमा आला. एरवी ते फिरकले नसते, पण खांब गावची म्हातारी आये हटून बसली. तिचा दत्तू त्या लढाईत काकांच्या शेजारी पडला होता. "माझा दत्तू दिसल त्यात," एवढंच तिचं म्हणणं. मग आम्ही तिघं रोह्याला गेलो.

'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी आली आणि काका गुरगुरले, "खरा असता तर आधार कशाला लागला असता? काठी टेकून चाललाय मेला!"

सिनेमा होताच तसा भिकार. हिरो बर्फात उघड्या छातीने हिंडत होता, मध्यंतरापर्यंत त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या सरेनात, आणि शत्रू इतके बावळट की गडबच्या कोंबड्यांनीही त्यांना पिटाळलं असतं. मला तर वीट आला. फक्त एक जवान ओले मोजे शर्टाच्या आत, पोटाशी धरून सुकवत होता. तिथे काका पुढे सरकून बसले. "हे कुणी सांगितलं यांना?" असं पुटपुटले.

दत्तू कसा गेला, ते काकांनी मला एकदाच सांगितलं होतं. पोटात गोळी लागून तो पहाटेपर्यंत तळमळत होता आणि "वाईच पेज दे रे" म्हणत होता. पडद्यावर मात्र एक गोरागोमटा जवान छातीवर गोळी झेलून हसला, सलाम ठोकला आणि त्याने अलगद डोळे मिटले. टाळ्या पडल्या. आता काका ओरडणार म्हणून मी अंग चोरून बसलो.

आयेने त्यांची बाही धरली. "ह्योच का रे माझा दत्तू?"

"व्हय, आये."

"दुखलं नाय ना त्याला? भुकेला तर नव्हता?"

"नाय गो आये. असाच गेला. हसत."

त्यानंतर मरेपर्यंत काकांनी त्या सिनेमाला शिव्या घातल्या. एकदा दुकानात मीच म्हणालो, "काका, तो मरणाचा सीन तर सगळ्यात खोटा होता."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"खोटाच," ते म्हणाले. "पण तेवढा पास."