पाचव्या माळेला चाचा कुठे होते?

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता धूसर झाली, पण नांदेडच्या त्या केबल वाहिनीचं प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीला मीच चुकलो होतो, म्हणूनही असेल.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत असताना तिशीतली एक बाई तक्रार घेऊन आली. त्या वाहिनीच्या मालकाची ती मुलगी. मालकांना सारं शहर चाचा म्हणे. लग्नांचं शूटिंग करता करता त्यांनी एका खोलीत वाहिनी सुरू केली होती. नळाला पाणी कधी येणार, अर्धापूरच्या केळीला काय भाव, कोणाच्या घरी दुःखद घटना, हे लोक तिथंच बघत आणि जे दिसेल ते खरं मानत.

काही महिन्यांपूर्वी चाचांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मग त्यांच्या जुन्या भागीदाराने कार्यालयाला आपलं कुलूप लावलं. त्याच्याकडे कागद होता. आजारपणाच्या आधीच, नवरात्रात पाचव्या माळेला, चाचांनी लातूरला नोटरीसमोर सगळी वाहिनी त्याच्या नावे करून दिली, असं त्यात लिहिलं होतं.

"साहेब, अब्बा तवा माहूरला व्हते," मुलगी म्हणाली. "दरसाल नवरात्रात नऊ दिवस ते गडावरूनच थेट दाखवतेत. लातूरला कवा गेले?"

मी कागद पाहिला. सही, अंगठा, शिक्का, रजिस्टरचा नंबर, सगळं जागच्या जागी. अशा वेळी आमच्या खात्यात एक वाक्य तयार असतं. तेच मी तिच्या तोंडावर फेकलं, "बाई, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

ती उठली नाही. "कोर्टाचा निकाल लागस्तोर अब्बा ऱ्हातेत का? इलेक्शन तोंडावर आलंय. खाली अब्बाचा फोटो लावून हा मानूस एकाच पार्टीच्या बातम्या चालवून राहिला. लोकांना वाटतं चाचाच बोलून राहिले. अन् त्याहीला तर न्हाई म्हनाया बी येत न्हाई."

मला माझीच लाज वाटली. तक्रार घेतली.

पहिला दणका मात्र मलाच बसला. कागदावरचा अंगठा तपासायला पाठवला, तर तो चाचांचाच निघाला. भागीदार ठाण्यात छाती काढून बसला. "साहेब, आता तरी पटलं का? ते गडावरच होते, पण त्या दिवशी पहाटे माझ्या गाडीत लातूरला आले. मागं कॅमेरा पोरांनी सांभाळला." मी लातूरला जाऊन नोटरीचं रजिस्टर पाहिलं. ही नोंद पानाच्या अगदी तळाशी, मुंगीसारख्या अक्षरात कोंबलेली होती. जुन्या पानांत मागाहून नोंद घुसवण्याइतकी जागा फक्त त्याच तारखेखाली उरली होती. संशय घट्ट झाला, पण संशयावर दोषारोपपत्र होत नाही.

अंगठा खरा असेल, तर प्रश्न एकच उरतो. तो उमटवला कधी?

वाहिनीकडून त्या दिवसाचं चित्रण मागवलं. हार्डडिस्क खराब झाली, असं उत्तर आलं. मग एके दुपारी फोन आला.

"साहेब, नाव विचारू नका. मी तिथंच नोकरी करून राहिलो. पाचव्या माळेला चाचा गडावरच व्हते. हिमायतनगरकडच्या एका म्हातारीनं त्याहीला हात धरून कॅमेऱ्यासमोर आनलं. रेकॉर्डिंग आमच्याकडून पुसून घेतलं. पन म्हातारीच्या घरी असंल बघा."

या फोनचं मोल समजून घ्या. चाचा इतक्या वर्षांत स्वतःच्या वाहिनीवर कधी दिसले नव्हते. नेहमी कॅमेऱ्यामागे, फक्त आवाज. भागीदाराची सगळी हिंमत त्यावरच होती. आवाज काय, कोणाचाही म्हणता येतो. पण आपलं माणूस टीव्हीवर दिसलं की घरातलं कोणीतरी मोबाईल घेऊन टीव्हीसमोर उभं राहतंच. ते चित्रण लोक दागिन्यासारखं जपतात, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

हिमायतनगरच्या बीट अंमलदाराने भजनी मंडळांत विचारपूस करत चार दिवसांत म्हातारी शोधली. दारात पोलीस पाहून ती घाबरली नाही, उलट हरखली. "माझं टीव्हीतलं बघाया आले का?" सुनेने टीव्हीवरून मोबाईलमध्ये धरलेलं चित्रण लावलं.

कोपऱ्यात 'थेट', तारीख आणि वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटं. पाठीमागे माहूरगडाच्या पायऱ्या. हिरव्या लुगड्यातली म्हातारी हसतेय. आवाज येतो, "माय, माझ्याकडं नगं, कॅमेऱ्यात बघा." म्हातारी म्हणते, "दरसाल मला दावतो, तू कवा दिसायचा रं? ये इकडं." चित्र डगमगतं, आणि लाजलेले चाचा, डझनभर खिशांचं जाकीट घातलेले, तिच्या शेजारी उभे दिसतात.

पंचांसमक्ष मोबाईल जप्त करताना म्हातारी कुरकुरली, "माझा टीव्ही नेता का?" तिला पावती दिली आणि फोन परत मिळेल याची हमीही.

भागीदाराला बोलावलं. माझी एक पद्धत होती. खोट्या माणसाला अडवायचं नाही, त्याला पोटभर बोलू द्यायचं.

"सही किती वाजता झाली?"

"साडेअकरा-पावणेबाराला."

"चाचा काय घालून होते?"

"पांढरा कुर्ता. मग लातूरलाच जेवलो, साहेब."

सगळं लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि मग मोबाईल समोर ठेवला. माहूरहून लातूर म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता. त्याने चित्रण दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला तयार होईना.

"दवाखान्यात मीच त्याहीच्या उशाला बसायचो," तो शेवटी म्हणाला. "तिथंच शाई लावली. सही माझ्याच हातची. चाचा माझ्याकडं बघून राहिले व्हते, साहेब."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. पण चाचांच्या बोटाची शाई पुसणाऱ्या नर्सचा जबाब मिळाला, नोटरीनेही मान तुकवली. दोघांना अटक झाली. कोर्टाने कार्यालयाच्या किल्ल्या मुलीच्या हाती दिल्या. पहिल्याच बातमीपत्रात तिने लोकांना स्वच्छ सांगितलं, की मधल्या काळात जे दाखवलं ते चाचांचं नव्हतं.

या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, की 'दिवाणी बाब' म्हणून माणसाला परत पाठवणं फार सोपं असतं. पुढे हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी सांगत असे, ते वाक्य बोलण्याआधी खुर्ची द्या आणि आणखी एक प्रश्न विचारा.

चाचांना ते चित्रण दाखवायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. मनात होतं, डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी ते नीट पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठोकलं. एकदा, दोनदा. मला कळेना.

मुलगी खळखळून हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हसली असावी.

"साहेब, ते म्हनतेत, फ्रेममध्ये माझं काय काम? माझ्यापायी त्या म्हाताऱ्या मायचं डोकं चित्रात कापलं."

आणि चाचा अर्ध्या ओठांनी, हाव, हाव, अशी मान हलवत होते.