तांबरममधलं नवरात्र

त्या वर्षी घटासाठी माती मिळाली ती खालच्या मामींच्या नारळाच्या आळ्यातली. आम्ही चेन्नईला तांबरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. नवरा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मामी तंजावरकडच्या मराठी, सत्तरीच्या, एकट्याच राहायच्या. त्यांचं मराठी ऐकताना कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. चेन्नईत माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या तेवढ्याच उरल्या होत्या, कारण नवऱ्याने बोलणं जवळजवळ सोडलं होतं.

श्रावणात हे सुरू झालं. आधी त्याची झोप गेली, मग भूक, मग कामावर जाणं. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवायची. तो बूट घालून पलंगाच्या कडेला बसलेला असायचा आणि बस निघून गेली तरी तसाच बसून राहायचा.

"काय होतंय तुला?" मी विचारायची.

"काही नाही गं. जड वाटतंय."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "लग्नानंतर तुळजापूरला जाऊन ओटी भरायची राहिली ना तुमची? देवी रुसली असणार. या नवरात्रात सगळं कडक कर." मला उलट हायसं वाटलं. निदान काय करायचं हे कुणीतरी सांगितलं होतं.

मी नोकरीवरून रजा घेतली आणि सगळं कडक केलं. पत्रावळीवर माती पसरली, धान्य पेरलं, घट ठेवला, वर नारळ. रोज शेवंतीची माळ बांधायची, दिवा विझू द्यायचा नाही. फळं आणि दुधावर राहिले, जमिनीवर झोपले, पायात चप्पल घातली नाही. तांबरमचे रस्ते ऑक्टोबरातही भाजतात. तळव्यांना फोड आले तेव्हा बरंच वाटलं, आता तरी देवी बघेल म्हणून. सकाळ-संध्याकाळ सप्तशतीचा पाठ करायची. संस्कृत धड येत नव्हतं. अडखळले की तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला मी हात जोडून मागत होते. मग सौदा करायला लागले. माझी नोकरी ने, मला मूल देऊ नकोस, पण याला एकदा हसव. शेवटी शेवटी तर नुसती भांडत होते. "ऐकू येतं की नाही तुला?" असं एकदा मोठ्याने म्हणाले. तो मागे खुर्चीत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मामींच्या घरी कोलू मांडला होता. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, समोर रांगोळी, संध्याकाळी रेशमी साड्यांतल्या बायका येऊन गात. मामी मला बोलवायला वर आल्या. "घरास ये. कुंकू घेऊन जा." मी गेले. बायका हसत होत्या, कुणीतरी हातात सुंडलचा, हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण ठेवला, नवरा कुठे असतो विचारलं. रजेवर आहे म्हणाले. त्या उजेडात मला बसवेना. कुंकू घेऊन वर आले तर तो अंधारात त्याच खुर्चीत होता.

अष्टमीच्या सकाळी मी पाठाला बसले. उपासाने डोकं हलकं झालं होतं, अक्षरं हलत होती. पाठ संपवून मागे वळले तर खुर्ची रिकामी, दार उघडं. टेबलावर त्याचं पाकीट, मोबाईल, घड्याळ आणि लग्नातली अंगठी नीट ओळीने ठेवलेली.

ती ओळ पाहून मी खाली धावले. मामींच्या दारापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. तोंडातून एवढंच निघालं, "मामी, हा कुठेतरी गेला." मामींनी हातातलं काम तिथेच टाकलं. चप्पल घातली, गल्लीतली रिक्षा थांबवली, ड्रायव्हरला तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. त्यातला "स्टेशन" एवढाच शब्द मला कळला. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, आपली खंडेनवमी होती. रस्ताभर लोक दुकानं धुत होते, रिक्षांना केळीचे खुंट बांधत होते. आमची रिक्षा त्यांच्यातून वाट काढत जात होती.

मामींना जिना चढवेना. मी एकटीच पुलावरून धावत एकेक फलाट बघत सुटले. लोकलच्या गर्दीत प्रत्येक निळा शर्ट त्याचाच वाटत होता. तो सापडला एका फलाटाच्या अगदी टोकाला, छप्पर संपतं तिथल्या सिमेंटच्या बाकावर. हात मांडीवर, नजर रुळांवर. मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"इथे का आलास?"

तो म्हणाला, "घरात घट आहे. तिथे नको वाटलं."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तोवर त्या गोष्टीचं नाव मी मनातही घेतलं नव्हतं. एक गाडी आली, थांबली, गेली. मी दंड सोडला नाही. तो रडायला लागला तेव्हा मी रडले नाही, कारण कुणीतरी उठून उभं राहणं भाग होतं.

मामी खाली आमची वाट पाहत होत्या. त्याला पाहून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "आतांच दवाखान्यास चल. मनाच्या डॉक्टराकडे."

"मामी, घट... नैवेद्य राहिलाय. दिवा..."

"मी पाहीन तें. माझ्या भावास असेंच झालें होतें. आम्ही देवळें फिरत राहिलों." एवढं बोलून त्या रुळांकडे पाठ करून रिक्षाकडे वळल्या, आणि सकाळी त्यांनी स्टेशनच का सांगितलं ते मला कळलं.

मोठ्या दवाखान्यात दुपारी नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याला इंग्रजीत हळूहळू प्रश्न विचारले. मग मला आत बोलावून सांगितलं की हा आजार आहे, औषधाने उतरतो, पण वेळ लागतो, आणि तोवर याला एकटं सोडायचं नाही. आजार हा शब्द ऐकून मला हुंदका फुटला. कँटीनमध्ये त्याने माझ्यापुढे इडलीची ताटली सरकवली. "खा. किती दिवस उपाशी आहेस." कित्येक दिवसांनी त्याने आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. मी उपास तिथेच मोडला.

दसऱ्याला घट उठवले तेव्हा मी देवीला काही मागितलं नाही. मागून मागून दमले होते. नुसतं डोकं टेकवलं आणि तसंच ठेवून पडून राहिले.

औषधाचा गुण यायला खूप दिवस गेले. जानेवारीत पोंगलच्या सुमारास तो पुन्हा कंपनीच्या बसने जायला लागला. नंतर एकदा सगळं परत उलटलं, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, पुन्हा सावरला. सासूबाई म्हणत राहिल्या की देवीनेच केलं. मी वाद घातला नाही. तुळजापूरला जाऊन ओटी भरली, तोही रांगेत उभा राहिला.

माझी भीती मात्र लवकर गेली नाही. पुढे कितीतरी वर्षं तो न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिला की मी जाऊन दार वाजवायची. तो आतून ओरडायचा, "आहे गं, आहे."