तिच्या श्वासाची जागा

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना मी जवळच्या डेट्रॉइटमधल्या एका म्हाताऱ्या अरेंजरच्या, म्हणजे गाण्यांची वाद्यरचना बांधणाऱ्याच्या, सोल बँडमध्ये पेटी वाजवत असे; सोल म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत. कॅम्पसवरच्या गणपतीत त्यानं माझी पेटी ऐकली आणि सरळ आपल्या चर्चच्या तळघरात तालमीला बोलावलं. रूममेट वैतागायचा, "यार, तू रिसर्च करायला आलायस की पेटी बडवायला? फेल झालास तर काकूंना मी काय एक्स्प्लेन करू?"

त्याच्या या काकूंना, म्हणजे माझ्या आईला, मी पुण्यात साथ करायचो. गाणारीनं श्वास घेतला की पेटीवाल्यानं ती जागा भरायची, हे माझ्या अंगात मुरलेलं. पहिल्याच तालमीत शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबली, आणि मी आपला खुशाल भरत सुटलो. ड्रमवाला हसून गडबडा लोळायचाच काय तो बाकी राहिला.

"तिथं ती श्वास घेते," म्हातारा शांतपणे म्हणाला.

ती म्हणजे त्याची बायको. त्याची सगळी गाणी तिच्या गळ्यासाठी बांधलेली. तिचा दम अपुरा पडायचा, म्हणून त्यानं तिथं चार मात्रा मोकळ्या सोडल्या होत्या. पुढं त्यांची गाणी काढणारी रेकॉर्ड कंपनी डेट्रॉइट सोडून कॅलिफोर्नियाला गेली, मागोमाग तीही गेली. हा हट्टानं इथंच राहिला. त्या मोकळ्या मात्रा मात्र शहरभर पसरल्या. लग्नातले बँड, चर्चमधले गाणारे, सगळे तिथं थांबायचे आणि त्याला आपल्या शहराची स्टाइल म्हणायचे. मला त्या शांततेत हटकून आईची आठवण यायची.

"आता काढून टाका की त्या मात्रा," मी एकदा म्हटलं.

"आणि ती परत आली म्हणजे?"

एका उन्हाळ्यात ती खरंच आली, चर्चच्या कार्यक्रमात गायला, एका संध्याकाळपुरती. म्हातारा सकाळपासून सूट घालून बसला होता. ती गायला लागली आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मला आपल्या माणसांत असल्यासारखं वाटलं. शेवटचं कडवं जवळ आलं. त्यानं हात वर केला, आम्ही सगळे थांबलो.

ती थांबली नाही. तिकडे तिनं चांगलाच दम कमावला होता; त्याच श्वासात ती सरळ पुढं निघून गेली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

म्हाताऱ्याचा हात वरच होता. आम्ही पुन्हा कुठून सुरू करायचं, ते त्यानं सांगितलंच नाही.